कुटुंबाला परदेशी नेताना

५ जानेवारी, सोमवार
आजपासून रोजनिशी. परदेशी जाणाऱ्या माणसाने इथले शेवटचे महिने लिहून ठेवलेले बरे. इथली माणसं पुढे आठवणार नाहीत. आठवण्यासारखी फारशी नाहीतही.

तर, आपण चाललो. ही (बायको) आयसीयूत नर्स आहे. तिला तिकडच्या एका हॉस्पिटलने निवडलंय. म्हणजे कागदोपत्री नेमणूक तिची. पण अख्खं कुटुंब उचलून दुसऱ्या देशात नेऊन ठेवायचं तर डोकं लागतं, आणि ते या घरात कोणाला आहे हे मी सांगायला नको.

तिकडची भाषा ही ड्यूटी सांभाळून शिकली. कानात वायरी घालून भांडी घासताना पुटपुटायची. मला वाटायचं, माझ्याबद्दल काहीतरी बोलतेय. सगळ्या परीक्षा पास झाली. पाठांतर. नर्सिंगवाल्यांना त्याची सवयच असते.

मला फक्त पहिल्या पायरीची परीक्षा द्यायची आहे. ती झाल्याशिवाय नवऱ्याला व्हिसा नाही. पहिली पायरी म्हणजे बालवर्ग. वाचून हसू आलं.

६ जानेवारी
राजीनामा दिला. रंगाच्या कंपनीच्या गोदामात डिस्पॅच बघण्यात उमेदीची वर्षं गेली, आता बास. साहेब म्हणाले, "अरे, परीक्षा पास झाल्यावर दिला असतास तरी चाललं असतं." या माणसाची झेप गोदामाच्या शटरपर्यंत. मी तसं तोंडावर म्हणालो. म्हणायला नको होतं का? छे. कोणीतरी म्हणायलाच हवं होतं.

संध्याकाळी हिला सांगितलं. बराच वेळ शेगडीकडे बघत उभी होती. मोठा आनंद पचायला वेळ लागतो.

८ जानेवारी
टाइमटेबल केलं. कुटुंब, मित्र आणि अभ्यास यांचा तोल. सामान्य माणूस इथेच गडगडतो. सकाळ-दुपार अभ्यास, संध्याकाळ चिमणीची (चिमणी म्हणजे आमची मुलगी, चौथीत आहे), रविवार मित्रांचा. तीन रंगांची स्केचपेनं वापरली. चिमणीने नीट वाचून विचारलं, "बाबा, तू आंघोळ कधी करणार?" कुचकेपणा आईकडून आलाय.

रंगकामात दिवस गेला. अभ्यास उद्यापासून.

१२ जानेवारी, सोमवार
क्लासचा पहिला दिवस. सायकलच्या दुकानावरची खोली, पांढरा बोर्ड, जिन्यात रबराचा वास. बाकी सगळी कॉलेजची पोरं. एकाने मला काका म्हटलं. सर म्हणायला सांगितलं, तर बाई म्हणाल्या, "इथे सर कोणीच नाही, मीसुद्धा नाही." पोरं हसली. हिशेबात धरत नाही.

बाईंनी "मी पाव खातो" हे वाक्य घेतलं. अर्धा तास! मी मधेच विचारलं, की पाव खाण्यामागची या समाजाची मनोवृत्ती काय? बाई म्हणाल्या, आधी पाव तर खाऊ द्या. उथळ बाई.

१९ जानेवारी
माझी पद्धत वेगळी आहे. शब्द पाठ करायचे नाहीत, भाषेचा आत्मा पकडायचा. तो एकदा हातात आला की शब्द आपोआप येतात. अजून आलेले नाहीत. आत्मा थोडा सरकतोय.

चिमणीला जाण्याआधी सायकल शिकवायची असं कबूल केलंय. आज आत्म्यामुळे जमलं नाही. बघू.

२५ जानेवारी, रविवार
मित्रांनी निरोपाची पार्टी दिली. बोक्या (शाळेपासूनचा दोस्त, चष्म्याचं दुकान) आणि इतर तिघे. बोक्याने चाकं असलेली मोठी बॅग भेट दिली. मी तासभर बोललो. तिकडची शिस्त, तिकडचे रस्ते, तिकडे माणसाला असलेली किंमत. इथे कोणालाच काही कळत नाही हेही समजावून सांगितलं, उदाहरणं म्हणून त्यांचीच नावं घेतली. सगळे ताटात बघत जेवत होते. माझ्या जाण्याचं दुःख.

बोक्याने मधेच विचारलं, "कधी निघणार आहेस?" म्हटलं, तारखांसारख्या गोष्टी ही बघते.

११ फेब्रुवारी
अण्णांचा प्रश्न. अण्णा म्हणजे सासरे, आमच्याकडेच असतात. ऐकायला कमी येतं, आणि जे येतं तेही त्यांच्या सोयीचं. आम्ही गेल्यावर ते माझ्या मेव्हण्याकडे, म्हणजे हिच्या दादाकडे, राहतील असं ठरलंय. मी त्यांना धीर दिला, की माझ्याशिवाय पहिले काही दिवस जड जातील. अण्णा म्हणाले, "हो, जेवण झालं माझं."

१८ फेब्रुवारी
ही नाइट करून सकाळी आली आणि कपडे न बदलता माझ्यासमोर बसली. शब्दांची कार्डं आणली होती, हाताने लिहिलेली. म्हणाली, "रोज अर्धा तास मी घेते तुझा अभ्यास." दहा कार्डं झाली. चार बरोबर आली असं तिचं म्हणणं. मग मी तिचे उच्चार सुधारायला घेतले. मूळ ध्वनी घशातून यायला हवा, तिचा दातांतून येतो. बोलता बोलता बघतो तर ही बसल्या जागी झोपलेली. कार्ड हातातच.

विद्यार्थी असा असेल तर शिकवणार कसं?

पांघरूण घातलं. झोपेत फारच लहान दिसते. असो.

१ मार्च, रविवार
निरोपाची दुसरी पार्टी मीच ठेवली. पहिल्या वेळी काही मुद्दे राहून गेले होते. दोघेच आले. त्यातला एक म्हणाला, "तू अजून इथेच?" हे प्रेम म्हणायचं की काय, ठरत नाही.

बोक्या आला नाही. पोटात दुखतंय म्हणे. पोट सगळ्यांना असतं.

९ मार्च
बोक्याचं ऑपरेशन. पित्ताशयात खडे, त्यातून काहीतरी गुंतागुंत, म्हणून आयसीयूत ठेवलाय. नेमका हिच्याच वॉर्डात. ही म्हणाली, "जाऊन ये. घाबरलाय तो. सारखं तुझं नाव काढतोय." जाणारच होतो. पण परीक्षा तोंडावर आलीय. अशा वेळी भावनेच्या भरात वाहून गेलं की माणूस संपला. मोबाईलवर 'लवकर बरा हो' असा निरोप पाठवला, तोही तिकडच्या भाषेत, म्हणजे त्यालाही नवं काही मिळेल.

दुपारी जरा पडलो, तो थेट चहाच्या वेळी उठलो. मेंदू झोपेत शब्द साठवतो.

१० मार्च
हिने माझा निरोप वाचला. म्हणाली, त्याचा अर्थ 'लवकर संपव' असा होतो. एका अक्षराचा फरक. तांत्रिक बाब. बोक्याला भाषा येत नाही हे नशीब. पण त्याने हिलाच अर्थ विचारला होता.

१५ मार्च, रविवार
चिमणी सायकल चालवायला लागली. अण्णांनी शिकवलं! या वयात मागे धावले! धाप लागली होती, पण चेहरा असा की जणू विमान उडवलंय. मी चिमणीला ब्रेक दाबण्यामागचं शास्त्र सांगायला लागलो, तर ती वळणावरून दिसेनाशी झाली. पाया कच्चा राहणार या पोरीचा.

२२ मार्च, रविवार
परीक्षा झाली. मस्त!

लेखी भाग मला जरा बाळबोध वाटला, म्हणून बराचसा सोडून दिला. तोंडीमध्ये कमाल केली. 'भाषा हा दोन संस्कृतींना जोडणारा पूल आहे' यावर मी एक छोटं भाषण मोबाईलवरून उतरवून घोकलं होतं. (हे पाठांतर नव्हे. चिंतन.) परीक्षकाने पावाचं चित्र पुढे केलं आणि काहीतरी विचारलं. मी पूल सुरू केला. त्याने पुन्हा विचारलं. मी पुन्हा पूल. तो घड्याळाकडे बोट दाखवायला लागला, तेव्हा वेळ संपली असं समजून मी धन्यवाद म्हणून उठलो. माझ्याबरोबर तोंडीला बसलेली एक पोरगी बाहेर म्हणाली, "काका, ते दुकान किती वाजता बंद होतं ते विचारत होते." एवढ्या मोठ्या देशाला एवढीच चिंता?

१४ एप्रिल
नापास. आकडा लिहीत नाही, मनाला लागावा असा आहे. क्लासमधली सगळी पोरं पास. बाई म्हणाल्या, "तुम्हाला भाषा येणार नाही असं नाही. तुम्ही समोरच्याचं ऐकत नाही, एवढंच." मी त्यांचं बोलणं तोडून, पेपर कसा चुकीच्या पद्धतीने काढला होता ते पटवून दिलं.

हिला सांगितलं. म्हणाली, "जूनमध्ये पुन्हा दे." ओरडली नाही. ओरडली असती तर मला काही मुद्दे मांडता आले असते.

१५ एप्रिल
नवं टाइमटेबल. या वेळी चार रंग.

३ मे, रविवार
बोक्याकडे गेलो. त्याने चहा दिला, बिस्किटं दिली, पण नेहमीसारखा बोलेना. मी ऑपरेशनच्या वेळी का आलो नाही, त्यामागचा विचार समजावला. तो म्हणाला, "वहिनी यायच्या ना. ड्यूटी संपली तरी बसायच्या. सांगायच्या, तो आजच यायचा होता, क्लासमध्ये अडकलाय. रोज सांगायच्या." मग चष्म्याची काच पुसत बसला.

हिने खोटं कशाला बोलावं? मी तर उघडउघड आलो नव्हतो.

जाताना म्हणाला, "बॅग नीट वापर." बॅग सध्या माळ्यावर आहे, तिच्यात जुने पडदे भरलेत.

२९ मे
हिला जुलैच्या पहिल्या आठवड्यात हजर व्हायचंय. चिमणीला तिकडच्या शाळेत जागाही मिळाली. चिमणी सध्या आईबरोबर जेवताना तिकडच्या भाषेत बोलते. मीठ दे, पाणी दे, मग दोघी खिदळतात. मी विचारलं, काय झालं? चिमणी म्हणाली, "काही नाही बाबा, मराठीत सांगितलं की मजा जाते." मला तसंही बालिश विनोद आवडत नाहीत.

१४ जून, रविवार
परीक्षा, दुसरी खेप. या वेळी भाषण केलं नाही. दुकान किती वाजता बंद होतं याची सर्व बाजूंनी तयारी केली होती. तर त्या माणसाने बसस्टॉप विचारला! खडूस. ठरवून करतात. मी दुकानाची वेळ सांगितली.

२६ जून
निकालाबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

मी मात्र एक मोठा निर्णय घेतला. हिने आणि चिमणीने पुढे जावं. मी मागून येईन. घर बंद करणं, गॅस, वीज, अण्णांना मेव्हण्याकडे पोचवणं. कोणीतरी जबाबदार माणूस मागे लागतोच. हिला हे सांगायला गेलो, तर तिकिटं काढून झाली होती. दोन.

चला, आमचे विचार जुळतात.

४ जुलै, शनिवार
गेल्या.

बोक्या गाडी घेऊन आला होता. मी कोट घातला. का घातला, आता सांगता येणार नाही. विमानतळावर दारातल्या शिपायाने तिकीट मागितलं, म्हटलं मी कुटुंबप्रमुख आहे. तो म्हणाला, "कुटुंबप्रमुख त्या दोरीच्या अलीकडे उभे राहा."

अण्णांनी हिच्या डोक्यावर हात ठेवला. बोक्या रडला. ऑपरेशन झालेला माणूस हळवा होतो. मी चिमणीला तिकडे कसं वागायचं ते सांगत होतो. रांगेत उभं राहणं, कचरा टाकणं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बाबा, तू जेवत जा वेळेवर." ही काय म्हणाली ते गर्दीत नीट ऐकू आलं नाही. पुन्हा म्हण म्हणालो, तर नुसती हसली आणि ट्रॉली ढकलायला लागली.

मग बोक्या म्हणाला, "चल, सोडतो."

१९ जुलै, रविवार
अण्णा मेव्हण्याकडे जायला निघत नाहीत. आज पिशवी भरूया, उद्या भरूया, असं चाललंय. म्हातारपणी माणूस एका जागेला चिकटतो. त्यांना माझी सवय झालीय. ठीक आहे, ओझं आणखी एक.

२३ जुलै
अण्णा फोनवर मेव्हण्याशी बोलत होते. ऐकायला कमी येत असल्याने अण्णा ओरडून बोलतात, त्यामुळे बाथरूममध्येही ऐकू आलं. "नाही रे, मला काही त्रास नाही. पण जावई एकटे पडले असते ना! त्यांना साधा डाळ-भात लावता येत नाही. थोडे सावरले की येतो."

फोन ठेवल्यावर मी काही बोललो नाही. वडीलधाऱ्यांचा मान ठेवावा लागतो.

३ ऑगस्ट
गोदामात सहज चक्कर टाकली. साहेबांनी चहा पाजला. माझ्या जागी माझ्या हाताखालची पोरगी बसते. काम बरं चाललंय. बरं म्हणजे पूर्वीपेक्षा बरं, असं साहेबच म्हणाले, मी विचारलं नव्हतं.

सध्या बोक्याच्या दुकानात बसतो. नोकरी नव्हे, मदत. त्याला फार वाकवत नाही अजून. काउंटरवर फ्रेमा पुसतो, गिऱ्हाइकाला आरसा दाखवतो. बोक्याने एकच अट घातलीय, की गिऱ्हाइकाला त्याच्या नाकाबद्दल मत द्यायचं नाही.

१७ ऑगस्ट, सोमवार
पुन्हा क्लास. पुन्हा "मी पाव खातो". नवी पोरं, पण काका तोच.

घरी अण्णांनी कार्डं हातात घेतली. त्यांना भाषेतलं ओ की ठो कळत नाही, पण त्यांना ऐकू जाईल असं म्हणावं लागतं. "पुटपुटू नका, जावईबापू! मोठ्याने!" मी पाव म्हणून ओरडतो, दूध म्हणून ओरडतो. वरच्या मजल्यावरच्या बाई विचारून गेल्या, की घरात भांडण आहे का? म्हटलं, नाही, किराणा आहे.

१३ सप्टेंबर, रविवार
व्हिडिओ कॉल रविवारी ठरलेला. चिमणीच्या तोंडात आता तिकडचेच शब्द आधी येतात, मराठी मागून. मागे कोणीतरी शेजारीण आली, ही तिच्याशी बोलायला लागली. भराभर, हात हलवत. आणि हसली. पाठ टेकवून, मोकळं. मी स्क्रीनकडे बघत राहिलो. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण हा आवाज मला ओळखीचा वाटेना. उच्चार मात्र दातांतूनच येतो. आणि तो बरोबर आहे. आमच्या बाईही तसाच करतात.

४ ऑक्टोबर, रविवार
परीक्षा. परीक्षकाने विचारलं, मी ऐकलं, उत्तर दिलं. त्याने पुढचं विचारलं. दहा मिनिटांत संपलं. बाहेर आल्यावर सांगण्यासारखं काहीच नव्हतं.

३० ऑक्टोबर
पास!!

जेमतेम, पण पास. बोक्याने दुकानात पेढे वाटले. स्वतःच्या खर्चाने. अण्णांना सांगितलं, तर पहिल्या झटक्यात ऐकू आलं. बाईंना फोन केला, म्हटलं तुमच्यामुळे. हे वाक्य मी पहिल्यांदाच वापरलं, मराठीतसुद्धा.

हिला फोनवर नाही सांगायचं. रविवारी, व्हिडिओवर, समोरासमोर. आणि तिकडच्या भाषेत. व्हिसाला दोन महिने धरले, तर नव्या वर्षात मी तिथे. अण्णांना या वेळी नक्की पोचवायचं. स्वयंपाक आता मला येतो, तिकडे तो मीच करणार. ही ड्यूटीवरून आली की ताट तयार. टाइमटेबल करत नाही. सगळं डोक्यात आहे.

१ नोव्हेंबर, रविवार
सांगितलं. पूर्ण वाक्य, एकही चूक नाही. ही म्हणाली, "अरे वा! खरंच? शाब्बास!" मनापासून म्हणाली, ते कळतं. चिमणीने टाळ्या वाजवल्या आणि मैत्रीण खाली थांबलीय म्हणून पळाली.

मग मी व्हिसाचं काढलं. ही थोडा वेळ गप्प बसली. मी मधे बोललो नाही. म्हणाली, "अण्णांना दादाकडे करमत नाही रे. तिकडे तू आहेस म्हणून मी इथे निश्चिंत असते." मग म्हणाली, "आमचं इथे आत्ताच कुठे बस्तान बसलंय. चिमणीचं, माझं. घरात आवाज नसतो. मी ड्यूटीवरून येते आणि नुसती बसते." शेवटी म्हणाली, "राग नको मानूस. लगेच नको. उन्हाळ्यानंतर बघू."

म्हटलं, बरं. अण्णांची गोळी संपत आलीय, ती आणतो म्हणालो. ती म्हणाली, हो, आठवणीने आण.

'बघू' चा अर्थ लावायला मला कुठला क्लास लागत नाही.

अण्णा जेवायचे थांबलेत. उठतो.